चला सूरजागडला, व्हाया चंद्रपूर!

ॲडमिशनच्या दिवशी आपल्या हॉस्टेलच्या दारात पालकांची केवढी गर्दी असते! गादी, बादली, लोणच्याची बरणी, सूचनांची यादी... आणि दुसऱ्या दिवशी सगळे परतीच्या गाडीत. चार वर्षं आपली मुलं ज्या गावात राहतात त्या गावाचं त्यांना काय दिसतं? रेल्वे स्टेशन, रिक्षा आणि वीजकेंद्राच्या चिमण्या. आपल्यालाही त्याहून फार जास्त दिसतं असं नाही.

या वर्षी माझ्या मामाचं कुटुंब जपानला जाऊन आलं. कुठल्याही ट्रॅव्हल कंपनीबरोबर नाही, स्वतःचं स्वतः, सगळं आगगाडीनं. मामीनं केलेला तक्ता मी पाहिला आणि थक्क झाले. कुठल्या स्टेशनवर उतरायचं, किती मिनिटांनी पुढची गाडी, सामान कुठे ठेवायचं, सगळं एका पानावर. तेव्हा डोक्यात आलं, की असाच तक्ता आपल्या चांद्याचा का करू नये? आजी, आई, बाबा आणि अकरा वर्षांचा धाकटा भाऊ यांना नाशिकहून बोलवायचं आणि रेल्वेनं गोंड राजांचा मुलूख दाखवायचा. शेवटचा मुक्काम सूरजागडच्या परिसरात.

बाबांचं पहिलं वाक्य होतं, "गडचिरोलीत? आजीला घेऊन? काहीतरीच!" त्यामुळे हा लेख म्हणजे अर्धा प्लॅन आहे आणि अर्धं बाबांना दिलेलं उत्तर.

जपानचं गणित आणि आपलं गणित

जपानमध्ये हे इतकं सोपं का जातं, ते आधी समजून घेऊ. तोक्यो ते ओसाका शिंकानसेन १९६४ साली सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. हिमेजीचा किल्ला घ्या. स्टेशनबाहेर पडलं की सरळ रस्त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला समोर दिसतो, साधारण एक किलोमीटर चालायचं. म्हणजे गाडी गावाला नाही, जवळजवळ किल्ल्याच्या दारालाच सोडते. परदेशी पाहुण्यांसाठी सात दिवसांचा रेल्वे पासही मिळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. म्हणून मामीनं आधी सुट्या तिकिटांची बेरीज केली आणि मगच पासचा विचार केला. हा पहिला धडा: आधी बेरीज, मग बुकिंग.

आपल्याकडे रेल्वे आली ती किल्ले दाखवायला नव्हे, कोळसा न्यायला. १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत फाटा आला तो वरोऱ्याच्या खाणीसाठी. पुढे लाइन बल्लारशापर्यंत वाढली आणि १९२९ साली काझीपेठ-बल्लारशा जोडणी पुरी झाल्यावर ती दिल्ली-मद्रास मुख्य मार्गाचा भाग झाली. म्हणून आपल्या स्टेशनांवरून मोठमोठ्या गाड्या जातात, पण त्यातल्या बऱ्याच धडधडत निघून जातात. गोंड राजांची ठिकाणं रुळांच्या आसपास आहेत ती योगायोगानं. आणि जिथे योगायोग संपतो तिथून पुढे एसटी!

मेकॅनिकलच्या पोरांना 'रिलायबिलिटी' आठवत असेल. समजा, एका दिवसात पाच बदल आहेत आणि प्रत्येक बदल वेळेवर जमण्याची शक्यता ०.९ आहे. पाचही जमण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ०.५९. जवळपास नाणेफेकच! जपानमध्ये हा आकडा एकाच्या अगदी जवळ असतो म्हणून ते लोक दिवसाला पाच गाड्या बदलतात. आपण दिवसाला दोनच बदल ठेवायचे. दोन बदलांचं उत्तर ०.८१ येतं आणि आजीचे गुडघेही शाबूत राहतात. माझ्या तक्त्याचा हाच पाया आहे.

जुळी नावं सांभाळा

प्लॅन करताना सर्वांत जास्त गोंधळ स्टेशनांच्या नावांचा होतो. बाहेरून येणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

एक, वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. नागपूर-बल्लारशा लाइनवर सेवाग्राम आहे. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांनी सेवाग्रामला उतरून बल्लारशाकडची गाडी धरायची.

दोन, गाव भद्रावती, पण स्टेशनचं नाव भांदक. रेल्वेच्या यादीत 'भद्रावती' शोधत बसू नका. आणि सगळ्या एक्सप्रेस तिथे थांबत नाहीत, थांबा बघूनच तिकीट काढा.

तीन, सगळ्यांत महत्त्वाचं! 'चंद्रपूर' आणि 'चांदा फोर्ट' ही एकाच शहरातली दोन स्टेशनं आहेत. चंद्रपूर हे नागपूर-बल्लारशा लाइनवर, चांदा फोर्ट हे गोंदिया-बल्लारशा लाइनवर. ही दुसरी लाइन पूर्वी नॅरोगेज होती. दोन्हींच्या मध्ये रिक्षाचा प्रवास आहे. एका स्टेशनवर उतरून दुसऱ्यावरची गाडी पकडायची असेल तर तासभर हाताशी ठेवा. दोन्ही लाइनी एकत्र येतात त्या बल्लारशाला.

तिकिटांची बेरीज

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. घरच्यांच्या डोक्यात अजून जुना आकडा असतो, त्यांना सांगा. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत २०२० साली बंद झाली, म्हणून आजीचं पूर्ण तिकीट धरलंय. मात्र खालच्या बर्थचा कोटा आहे, वय नीट भरलं की त्यात विचार होतो. भावाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर त्याचंही पूर्ण भाडं पडतं.

एसटीत मात्र मजा आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. आमच्या पाच जणांचा हिशोब असा: आजी शून्य, आई अर्धं, मी अर्धं, भाऊ अर्धं, बाबा एक. एकूण अडीच तिकिटं! रेल्वे संपल्याचं दुःख इथे थोडं हलकं होतं. फक्त आजीचं आधार कार्ड तिच्याच पिशवीत ठेवा, बाबांच्या बॅगेच्या तळाशी नको.

पहिला दिवस: भांदक

रात्री नाशिकरोडहून सेवाग्राम एक्सप्रेस, पहाटे सेवाग्राम, तिथून भांदक. गावाबाहेर विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्यासारखी रंगीत चित्रं इथे नाहीत. डोंगरात सरळ आत शिरणाऱ्या अरुंद बोळासारखी खोदाई आणि अंधाराच्या टोकाला बसलेली बुद्धमूर्ती. टॉर्च हवाच. गावात भद्रनागाचं देऊळ आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिर. बौद्ध, जैन, हिंदू असं तिन्ही एका गावात, अर्ध्या दिवसात आणि फारशा चढाशिवाय. आजीसाठी सुरुवात सोपी हवी, म्हणून हे पहिलं. संध्याकाळी चंद्रपूर मुक्काम.

दुसरा दिवस: चंद्रपूर आणि बल्लारपूर

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये इतिहास म्हणजे मुघल, मराठे आणि वास्को-द-गामा. गोंड राजांपर्यंत सिलॅबस कधी पोचलाच नाही. त्यामुळे इथे आल्यावर जटपुरा गेट म्हणजे 'ट्रॅफिक जॅमची जागा' एवढीच माझी माहिती होती. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की आपण रोज एका राजधानीच्या वेशीतून जातो?

दंतकथा अशी की बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहाला अंगभर व्याधी होती. झरपट नदीच्या एका झऱ्याच्या पाण्यानं ती बरी झाली. पुढे याच भागात शिकारीला गेला असताना एक पांढरा ससा उलट त्याच्या कुत्र्याच्याच मागे लागला! ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेवर राजानं नव्या शहराचा कोट आखला. गोष्ट खरी असो वा नसो, कोट खरा आहे. चार दरवाजे: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. २०१७ साली चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी महिनोन्महिने श्रमदान करून या कोटावरची झाडी आणि कचरा काढला. एरवी आपल्याला तो दिसलाही नसता.

अचलेश्वर गेटजवळ अचलेश्वराचं देऊळ आणि त्याला लागून गोंड राजांच्या समाध्या. त्यातली बीरशहाची समाधी राणी हिराईनं बांधली. पतीच्या मागे तिनं कारभार सांभाळला, आणि महाकालीचं आजचं देऊळही तिचंच काम. आईला ही गोष्ट नक्की आवडेल. राजानं राणीसाठी बांधलेलं आपण नेहमी ऐकतो, इथे राणीनं राजासाठी बांधलंय. लालपेठ भागात उघड्यावर पडलेल्या प्रचंड दगडी मूर्ती आहेत. सर्वांत मोठी, दहा तोंडांची देवी, पंचवीस फुटांहून लांब. देऊळ बांधायचं राहून गेलं आणि मूर्ती तशाच आडव्या राहिल्या. भावाचे दहा फोटो इथेच होणार.

गोंड राजांचा वाडा होता तिथे आज कारागृह आहे. त्याच आवारात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. वय अवघं पंचवीस. आपल्यातल्या फायनल इयरवाल्यांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. आत शिरता येत नाही, बाहेरूनच नमस्कार करायचा. पण हे ठिकाण प्लॅनमध्ये हवंच, कारण आपल्या प्रवासाचा पुढचा धागा इथून निघतो. शेडमाके याच जंगलमुलखातले होते, आणि तिकडचे लोक त्यांचं नाव अजून घरच्या माणसासारखं घेतात.

दुपारनंतर बल्लारशा. वर्धा नदीच्या काठावरचा बल्लारपूरचा किल्ला स्टेशनपासून फार लांब नाही. नदीकडच्या बाजूनं सूर्यास्त बघा. या दिवशी रेल्वेशी आपला संबंध तात्पुरता संपतो.

तिसरा आणि चौथा दिवस: जिथे रूळ नाहीत

बल्लारपूरहून आष्टी, तिथे वैनगंगा ओलांडून आलापल्ली. शंभर-सव्वाशे किलोमीटर आहेत, पण तासांचा हिशोब किलोमीटरवर करू नका. रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक असतात. अख्खी सकाळ धरा आणि दुपारी पोचा. आलापल्लीपासून भामरागडच्या वाटेवर 'वनवैभव' आहे, वनखात्यानं कुऱ्हाड न लावता राखलेला सागाच्या जंगलाचा तुकडा. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. इथे दगडी शिल्पं नाहीत, पण झाडांच्या बुंध्यांना मिठी मारायला दोन-तीन माणसं लागतात. यालाही ऐतिहासिक वास्तूच म्हणायला हवं! मुक्काम आलापल्लीला.

आता चौथा दिवस, सूरजागड. एटापल्ली तालुक्यातली ही डोंगररांग. वर जुन्या गडाच्या खुणा आणि ठाकूरदेवाचं ठाणं. आसपासच्या अनेक गावांतले माडिया गोंड जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथे यात्रेला जमतात. याच डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. २००७ साली खाणीचा पट्टा दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी इथली पाऊणशेच्या आसपास वाहनं जाळली. २०२१ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झालं. खाणीमुळे रोजगार आला म्हणणारेही इथे आहेत आणि आमचा देव खोदून काढला म्हणणारेही आहेत. दोघांची घरं एकाच गावात असतात.

बाबांच्या "काहीतरीच!" ला उत्तर शोधत मी माझ्या रूममेटकडे गेले. ती एटापल्ली तालुक्यातली, माडिया. मी तिला तक्ता दाखवला: 'चौथा दिवस, सकाळी ९ ते १२, सूरजागड किल्ला.' तिनं वाचला आणि शांतपणे विचारलं, "पहाडी पाहाले येता का ठाकूरदेवाच्या दर्शनाले येता, ते पयले ठरवा."

त्या एका वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. हिमेजीचा किल्ला आज पाहण्याची जागा आहे. तिकीट काढा, बूट काढा, वर जा. सूरजागड तसं नाही. ते अजून कुणाचं तरी रोजचं आहे, आणि त्यावरून भांडण चालू आहे. तिथे तीन तास 'करून' परत येता येत नाही. खाणीच्या भागात तर परवानगीशिवाय शिरताही येत नाही.

म्हणून तक्ता बदलला. तारखा यात्रेच्या धरल्या. किल्ला हा शब्द खोडला. तिच्या घरचे यात्रेला जातात तेव्हा त्यांच्याबरोबर, ते म्हणतील तिथपर्यंत जायचं. आजी पायथ्याशी थांबेल, तिच्या सोबतीला त्यांच्या घरातल्या आजी असतील. फोटो विचारून काढायचे. संध्याकाळ व्हायच्या आत आलापल्लीला परत. आदल्या दिवशी एटापल्लीत चौकशी करायची, आणि नाही म्हणाले तर नाही. त्या दिवसासाठी जोड-योजना वनवैभवाचीच.

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आपण कुणाच्या तरी घरी जातोय. असं आधी सांगायचंस ना!" आजीनं मागून विचारलं, "त्यांच्यासाठी काय न्यायचं?" मंजुरी मिळाली!

पाचवा आणि सहावा दिवस: पुन्हा रुळांकडे

आल्या वाटेनं आष्टी, पुढे चामोर्शी, आणि तिथून मार्कंडा. इथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि काठावर मंदिरांचा समूह उभा आहे. भिंतीवरच्या मूर्ती पाहून लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. मुख्य मंदिराचे दगड उतरवून पुन्हा रचण्याचं काम पुरातत्त्व खात्यानं हाती घेतलं. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी तर ते बघायलाच हवं. चुना-सिमेंटशिवाय, केवळ एकमेकांच्या वजनावर उभं राहणारं बांधकाम सुटं केलं की कसं दिसतं, ते पुस्तकात कुठे मिळणार! महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा असते, कुटुंबाला घेऊन तेव्हा नको. मुक्काम गडचिरोली.

सहाव्या दिवशी आरमोरीवरून वैरागड. खंदकानं वेढलेला किल्ला आणि जवळच भंडारेश्वराचं देऊळ. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. म्हणजे या मुलखातून जमिनीखालचं काढून नेणं नवं नाही. मग वडसा, म्हणजे देसाईगंज. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला, आणि इतक्या मोठ्या जिल्ह्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं हे एकच रेल्वे स्टेशन होतं. वडसा ते गडचिरोली अशी सुमारे ५२ किलोमीटरची लाइन मंजूर होऊन तिचं काम सुरू झालं आहे. वडशाहून गोंदिया, आणि गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसनं थेट नाशिकरोड. आलो त्या वाटेनं परत जायचं नाही, हे मामीच्या तक्त्यातलं दुसरं सूत्र. एका दिवसाची बचत होते.

थोड्या बारीक गोष्टी

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मे महिन्यात चंद्रपूर ४७ अंशांपर्यंत जातं आणि पावसाळ्यात दक्षिण गडचिरोलीत पुरानं रस्ते बंद होतात.
- मच्छरदाणी सक्तीची. गडचिरोलीत मलेरिया आहे, यात विनोद नाही.
- जपानमध्ये स्टेशनवर नाण्यांची लॉकर असतात. आपल्याकडे क्लोक रूम सगळीकडे नाही, म्हणून माणशी एकच बॅग, स्वतःला उचलता येईल अशी.
- आलापल्लीच्या पुढे मोबाइलची रेंज आणि एटीएम यांच्यावर विसंबू नका. रोख रक्कम आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर ठेवा.
- परतीच्या एसटीची वेळ उतरल्या उतरल्या कंट्रोलरला विचारा. नेटवरची वेळ आणि डेपोतली वेळ यांची ओळख नसते.

शेवटी एकच. २०२५ साली हेडरीपासून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. तिच्यातून पाण्यात कालवलेली लोहखनिजाची भुकटी वाहते. इंजिनीअरिंग म्हणून ती जबरदस्त आहे, आपल्यातले काही जण उद्या तिथेच नोकरीला लागतील. त्याच वर्षी १ जानेवारीला, त्याच एटापल्ली तालुक्यात, गर्देवाडा-वांगेतुरीच्या बाजूला पहिल्यांदा एसटी पोचली. दोन्ही बातम्या एका वर्षातल्या. खनिजाला कुठे जायचं ते नक्की माहीत आहे. माणसांनी तिकडे कशाला जायचं, हे आपल्याला ठरवायचंय. नोकरीला जाण्याआधी एकदा पाहुणे म्हणून जाऊन या, एवढंच.

तक्त्याची झेरॉक्स गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावली आहे. स्टाफमधल्या मंडळींनीही जरूर न्यावी. फक्त चौथ्या दिवसाचा रकाना मी कोरा ठेवलाय. तो तुमच्या वर्गात त्या बाजूचं जे कोणी असेल, त्याला किंवा तिला विचारूनच भरा.